शॅप वॉटरफॉल प्लॉट

मशीन लर्निंग मॉडेलने एखाद्या केससाठी जो आकडा दिला तो कुठल्या फीचरमुळे (म्हणजे मॉडेलला दिलेल्या कुठल्या माहितीमुळे, जसं फ्लॅटचा एरिया) किती वाढला नि किती घटला हे पट्ट्यांनी दाखवणारा चार्ट म्हणजे शॅप वॉटरफॉल प्लॉट. वाचायचा खालून वर. तळाशी बेस व्हॅल्यू, म्हणजे त्या केसबद्दल काहीच माहीत नसताना मॉडेलने सरासरी जे सांगितलं असतं ते, मग एकेका फीचरची पट्टी, लाल असली की आकडा उजवीकडे जातो, निळी असली की डावीकडे, आणि सगळ्यात वर फायनल प्रेडिक्शन. बेरीज जुळलीच पाहिजे, हीच ह्या चार्टची खरी ताकद.

गणित लॉइड शॅप्ली यांचं, १९५३ सालचं, मिळून केलेल्या कामाचा फायदा वाटायचा कसा ह्या प्रश्नातून आलेलं (त्यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). ते मॉडेलच्या प्रेडिक्शनला लावणारी शॅप पद्धत युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या स्कॉट लुंडबर्ग आणि सू-इन ली यांनी २०१७ मध्ये मांडली.

समजा फ्लॅटची बेस किंमत ५० लाख. फक्त एरिया कळला तर मॉडेल ६० म्हणतं, फक्त मेट्रो जवळ आहे एवढंच कळलं तर ५५, दोन्ही कळलं तर ७०. मग एरियाचे किती? आधी धरला तर १०, मेट्रोनंतर धरला तर १५, सरासरी साडेबारा. मेट्रोचे तसेच ५ आणि १०, म्हणजे साडेसात. ५० अधिक साडेबारा अधिक साडेसात, बरोब्बर ७०. फीचर जास्त असले की क्रम अफाट होतात, म्हणून सहसा अंदाजाने काढतात, पण डिसिजन ट्रीवाल्या (हो-नाही प्रश्नांच्या फांद्यांनी उत्तर काढणाऱ्या) मॉडेलसाठी ट्री-शॅप ही शॅपचीच आवृत्ती हे काम झटपट आणि अचूक करतं.

वाचताना एकक आधी बघा, कारण एक्सजीबूस्ट ह्या ट्रीवाल्या मॉडेलच्या क्लासिफायरमध्ये (हो की नाही असा गट ठरवणाऱ्या मॉडेलमध्ये) पट्ट्या बहुतेक वेळा लॉग-ऑड्समध्ये (होण्याची शक्यता भागिले न होण्याची शक्यता, त्याचा लॉग) असतात आणि लोक ०.८ बघून सरळ ८० टक्के समजतात, ते साफ चूक आहे. दुसरं म्हणजे पट्टी मॉडेलचा हिशोब सांगते, जगातलं कारण नाही. एरिया आणि खोल्यांची संख्या असे हातात हात घालून चालणारे फीचर असले की श्रेय दोघांत वाटलं जातं, दोन्ही पट्ट्या बारीक दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की घराच्या आकाराला मॉडेल फारसं विचारतच नाही.