मॅसिलॉनची खुर्ची: ओहायोत शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक बदलतो तेव्हा

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हायस्कूल फुटबॉलचा हंगाम डिसेंबरच्या तोंडावर संपतो आणि लगेच दुसरा, कागदावरचा हंगाम सुरू होतो. कुणी प्रशिक्षक राजीनामा देतो, कुणाचा करार शाळा मंडळ पुढे चालू ठेवत नाही, कुणी शेजारच्या काउंटीतली मोठी शाळा गाठतो. मग अमुक विभागातून पुढच्या वर्षी कोण वर येणार, याचे अंदाज रंगतात. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळतात तो. शुक्रवारी रात्री शाळेच्या मैदानावर गाव लोटतं, तोच.

प्रशिक्षक बदलणं तिथे सोपं आहे, कारण हे पदच तात्पुरतं आहे. सार्वजनिक शाळेतला प्रशिक्षक बहुधा तिथलाच शिक्षक असतो. शिकवण्याची नोकरी एक आणि खेळाच्या कामाचा पूरक करार दुसरा. मुदत संपली की मंडळ ठराव करून तो करार पुन्हा देतं किंवा देत नाही. वर्गातली नोकरी शाबूत आणि संघ मात्र हातातून गेला, असंही होतं.

एका शाळेच्या खुर्चीवरून एवढी चर्चा का होते, हे समजून घ्यायला ईशान्य ओहायोतलं मॅसिलॉन पाहावं. स्टार्क काउंटीतलं, जेमतेम ३२ हजार वस्तीचं, पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेलं हे गाव. तिथल्या वॉशिंग्टन हायस्कूलच्या संघाला ‘टायगर्स’ म्हणतात. गावात मुलगा जन्मला की इस्पितळातच त्याच्या पाळण्यात बूस्टर क्लबतर्फे, म्हणजे संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळातर्फे, छोटा फुटबॉल ठेवला जातो. बाहेरच्याला हे थट्टेचं वाटेल, गावाला वाटत नाही.

शेजारच्या कँटनशी वैर जुनं आहे. मॅसिलॉन आणि कँटनच्या मॅकिन्ली हायस्कूलचा पहिला सामना १८९४ मध्ये झाला आणि आजवर हे दोन संघ १३०हून अधिक वेळा भिडले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही गावांनी पैसे देऊन खेळाडू आणले, व्यावसायिक संघ उभे केले आणि १९०६ च्या सट्टेबाजीच्या आरोपांत त्या संघांची धूळधाण झाली. ज्या संघटनेची पुढे एनएफएल ही व्यावसायिक फुटबॉलची लीग झाली तिची स्थापना १९२० मध्ये कँटनलाच झाली. एवढं सगळं असूनही गावाच्या जिवाला लागलं ते शाळेचं पोरांचं फुटबॉल.

१९३२ मध्ये मॅसिलॉनने आपल्याच शाळेचा जुना क्वार्टरबॅक (संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) प्रशिक्षक म्हणून परत बोलावला. पॉल ब्राउन तेव्हा २३ वर्षांचे होते आणि मेरिलँडमधल्या एका लहान शाळेत दोन हंगाम काढून आले होते. पहिल्या वर्षी पाच विजय, चार पराभव, एक बरोबरी. पहिली तीन वर्षं मॅकिन्लीकडून हार. १९३४ ची हार जास्त झोंबली, कारण त्याआधीचे नऊच्या नऊ सामने जिंकले होते. आजच्या घाईत असा माणूस चौथ्या हंगामापर्यंत टिकला असता का, अशी शंका येते. तो टिकला. १९३५ मध्ये संघ अपराजित राहिला आणि मॅकिन्लीही ६-० ने हरलं. १९३५ ते १९४० या सहा हंगामांत मिळून पराभव एकच, १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यू कॅसलकडून. नऊ वर्षांचा हिशोब: ८० विजय, ८ पराभव, २ बरोबरी.

आकड्यांपेक्षा त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ब्राउन मूळचे शिक्षक. खेळाडूंना वह्या दिल्या, चाली लिहून घ्यायला लावल्या, त्यावर लेखी परीक्षा घेतल्या. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खालच्या वर्गांच्या शाळांनाही तीच चाल, तीच भाषा, तेच सराव लागू केले. त्यामुळे मुलगा हायस्कूलला येईपर्यंत त्याला अर्धं पाठ झालेलं असे. बँड, मैदान, देणगीदार, सगळं एका सुतात ओवलं. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून नवं स्टेडियम बांधलं गेलं आणि १९३९ मध्ये ते उघडलं. आज त्याला ब्राउन यांचंच नाव आहे आणि त्यात १६ हजारांहून अधिक माणसं बसतात, म्हणजे गावातली निम्मी वस्ती.

१९४१ मध्ये ब्राउन थेट ओहायो स्टेट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. राज्यातल्या हायस्कूल प्रशिक्षकांनी त्यांच्यासाठी जोर लावला होता. दुसऱ्याच वर्षी, १९४२ मध्ये, विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. पुढे १९४६ पासून क्लीव्हलँड ब्राउन्स आणि १९६८ पासून सिनसिनाटी बेंगल्स, हे दोन्ही व्यावसायिक संघ. त्यामुळे मॅसिलॉनच्या खुर्चीबद्दल एक समज पक्का झाला की इथून माणूस वर जातो.

आणि जातही होते. चक मॅथर १९४८ ते ५३ मध्ये ६० सामन्यांपैकी ५७ जिंकले. खेळाडूंचं मूल्यमापन त्यांनी आयबीएमच्या यंत्रांवर केलं, तेही त्या काळात. तिथून ते कॅन्सस विद्यापीठात गेले. ली ट्रेसल १९५६-५७ ला होते, मग बाल्डविन-वॉलेस कॉलेजला गेले; ओहायो स्टेटचे नंतरचे प्रशिक्षक जिम ट्रेसल हे त्यांचे चिरंजीव. लिओ स्ट्रँग १९६४ मध्ये केंट स्टेट विद्यापीठाला गेले. त्यांच्या जागी आलेल्या अर्ल ब्रूस यांनी दोन हंगामांत २० पैकी २० सामने जिंकले आणि ते ओहायो स्टेटला सहायक म्हणून रुजू झाले. बॉब कमिंग्ज १९६९ ते ७३ पर्यंत राहिले आणि आयोवा विद्यापीठाने त्यांना उचललं.

या यादीची दुसरी बाजू लोक सहसा सांगत नाहीत. मॅथर यांचा कॅन्ससमधला पहिला हंगाम दहाच्या दहा पराभवांचा होता. कमिंग्ज यांनी आयोवात पाच वर्षांत १८ जिंकले आणि ३७ गमावले. स्ट्रँग यांची केंटमधली कारकीर्दही बेताचीच. थेट मोठ्या विद्यापीठाच्या खुर्चीवर बसून चमकले ते ब्राउन एकटेच. ब्रूस यांनी आधी सहायकाची उमेदवारी केली, इतर विद्यापीठांत अनुभव घेतला आणि १९७९ मध्ये ओहायो स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले. मला यातून असं दिसतं की मॅसिलॉनमधल्या यशाचा मोठा वाटा मॅसिलॉनचाच होता. सातवीपासून घडत आलेली मुलं, गच्च भरलेलं स्टेडियम, पैसा उभा करणारे लोक. प्रशिक्षक निघून गेला तेव्हा यातलं काहीच त्याच्या गाडीत बसून गेलं नाही.

मग याच गावावर विजेतेपदांचा दुष्काळ का आला? त्याचं उत्तर १९७२ मध्ये आहे.

तोवर ओहायोत राज्य विजेता मैदानावर ठरतच नव्हता. पत्रकारांचं मतदान होई. नावाजलेल्या, मोठं स्टेडियम असलेल्या, वर्तमानपत्रांत रोज छापून येणाऱ्या संघाला मतदानात फायदा होणारच. १९७० मध्ये कमिंग्ज यांच्या अपराजित संघाला असंच विजेतेपद मिळालं. दोन वर्षांनी प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, सुरू झाले. पटसंख्येवरून शाळांचे तीन गट केले गेले आणि गटातून फक्त चार संघ घेतले गेले, प्रत्येक भौगोलिक विभागातून एक. हा एक संघ ठरवायला हार्बिन यांची संगणकीय गुणपद्धती आली. तिचं मर्म असं: जिंकलात तर गुण, पण तुम्ही ज्याला हरवलं त्याने हंगामात किती सामने जिंकले यावरही तुम्हाला गुण. नेट रनरेटचा हिशोब करत दुसऱ्यांच्या सामन्यांकडे डोळे लावून बसणं आपल्याला ठाऊक आहे. तिथे ते दर शुक्रवारी चालतं. प्रतिष्ठेला या पद्धतीत गुण नाहीत.

त्याच सुमारास सिनसिनाटीत मोलर ही कॅथलिक शाळा जोरात होती. जेरी फॉस्ट यांनी तिथे शून्यातून संघ उभा केला होता. खासगी शाळेला गावाची हद्द नसते, सगळ्या शहरातून मुलं येऊ शकतात. १९८० च्या अंतिम सामन्यात मोलरने मॅसिलॉनला ३०-७ असं हरवलं आणि फॉस्ट थेट नोटर डेम विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथे पाच वर्षांत ३० विजय, २६ पराभव, एक बरोबरी. पुन्हा तीच गोष्ट, फक्त मोठ्या पडद्यावर. मोलरला मात्र त्यांच्याविना काही अडलं नाही. १९८२ च्या अंतिम सामन्यात तिने मॅसिलॉनला पुन्हा हरवलं, ३५-१४.

मॅसिलॉनमध्ये त्यानंतर प्रशिक्षकांची ये-जा वाढली. माईक करन्स यांनी संघाला हे दोन्ही अंतिम सामने दाखवले; त्यांच्यानंतर जॉन मरांटो, ली ओवेन्स, जॅक रोझ, रिक शेपस, टॉम स्टेसी, जेसन हॉल. कुणी तीन वर्षं, कुणी सात. स्टेसी यांच्या पहिल्याच हंगामात, २००५ मध्ये, संघ अंतिम फेरीत पोचला आणि सेंट झेवियर या शाळेकडून २४-० हरला. यातलं कुणी अडाणी नव्हतं. पण पोलाद उद्योग आक्रसला होता आणि पटसंख्या वाढणार कुठून? उलट भोवतालच्या उपनगरांतल्या शाळा फुगत होत्या. त्यात मॅसिलॉन कुठल्या लीगमध्ये नाही. मॅकिन्ली फेडरल लीगमध्ये आहे, मॅसिलॉन स्वतंत्र. म्हणजे दहा सामन्यांसाठी दहा प्रतिस्पर्धी स्वतः शोधायचे, वेळप्रसंगी परराज्यातून आणायचे. मॅकिन्लीने याच काळात १९८१, १९९७ आणि १९९८ ची विजेतेपदं मिळवली, ही जखमेवरची मिठाची चिमूट.

सार्वजनिक विरुद्ध खासगी हा वाद ओहायोत बरीच वर्षं धुमसत होता. २०१४ मध्ये शाळांनी मतदान करून समतोलाचा नियम मंजूर केला आणि २०१७ पासून तो अमलात आला. संघातल्या बाहेरून आलेल्या मुलांचा विचार करून शाळेचा गट वर सरकवता येतो, अशी ती तजवीज. त्याआधी २०१३ मध्ये गट सात झाले होते. प्रत्येकात चार विभाग. आज अमुक विभागातून कोण वर येणार असं म्हणतात, तो विभाग या २८ खणांपैकी एक असतो. अंदाज बांधणारे बरेचदा इथेच फसतात. संघ तोच, प्रशिक्षक तोच, पण पटसंख्येची नवी मोजणी आली आणि शेजारच्या खणातली बलाढ्य शाळा आपल्या खणात आली तर सगळं गणित फिरतं. नव्या प्रशिक्षकाचं श्रेय किंवा अपश्रेय कित्येकदा या फेरवाटणीचंच असतं.

२०१५ मध्ये मॅसिलॉनला नेट मूर आले. त्याआधी ते सिनसिनाटीच्या ला सॅल या कॅथलिक शाळेत होते आणि २०१४ मध्ये तिथे राज्य विजेतेपद मिळवलं होतं. विजेता प्रशिक्षक गमावल्यावर ला सॅल खाली येईल, हा कुणीही बांधला असता असा अंदाज. ला सॅलने २०१५ आणि २०१६ ही दोन्ही विजेतेपदं जिंकली. एवढंच नाही, २०१९ च्या अंतिम सामन्यात मूर यांच्या मॅसिलॉनला ३४-१७ असं हरवलंही. त्याच्या आदल्या आणि पुढच्या वर्षी अंतिम फेरीत आडवी आली अॅक्रनची होबन, तीही कॅथलिक शाळा. सलग तीन अंतिम सामने, तिन्ही हरले.

इथे मंडळाने जे केलं त्याचं मला कौतुक वाटतं: काही केलं नाही. मूर राहिले. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, कँटनच्या स्टेडियममध्ये, मॅसिलॉनने होबनला ७-२ असं हरवलं. सोळा सामने, सोळा विजय, प्लेऑफच्या काळातलं पहिलं विजेतेपद. मूर यांचा तो नववा हंगाम होता. ब्राउन यांना मॅसिलॉनमध्ये मिळाले तेही नऊच.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या ओहायो शाळेने प्रशिक्षक बदलला अशी बातमी आली, की नव्या माणसाच्या आधीच्या जयपराजयापेक्षा मी दोन गोष्टी आधी पाहीन. सहायक किती राहिले, कारण आक्रमणाची भाषा त्यांच्या तोंडी असते. आणि खालच्या शाळांतले प्रशिक्षक कुणाचं ऐकतात. नवा माणूस वसंतात नेमला तर उन्हाळी व्यायाम आणि सरावाला तो जेमतेम पोचतो. हिवाळ्यातच नेमला तर मुलं निदान ओळखीची होतात. याउपर उरतो तो विभाग.

त्या विभागांचे नियमही स्थिर नाहीत. २०२१ पासून प्रत्येक विभागातून १६ संघ प्लेऑफला जात होते, म्हणजे चार-पाच सामने हरलेल्यालाही वाट मोकळी. २०२५ पासून ते १२ झाले. पहिल्या चार संघांना पहिल्या फेरीत सुट्टी मिळते, जखमी खेळाडूंना एक आठवडा विश्रांती. स्वतंत्र खेळणाऱ्या मॅसिलॉनसारख्या शाळेला त्यामुळे सप्टेंबरमध्ये परराज्यातल्या तगड्या संघाशी भिडायचं की नाही, याचा विचार नव्याने करावा लागतो. तगड्याशी हरलं तर गुण शून्य, दुबळ्याला हरवलं तर त्याच्या विजयांवरून मिळणारे गुण तुटपुंजे. आणि पहिल्या चारात यायचा फैसला लांबला, तर तो शेवटच्या साखळी सामन्यावर येतो, ज्यात समोर मॅकिन्ली असतं.