मसाला

मसाला म्हणजे अन्नाला वास, रंग व तिखटपणा देणाऱ्या जिनसांचे मिश्रण. शब्द अरबी ‘मसालिह’वरून फारसीमार्गे आला. ‘मसालिह’ हे ‘मस्लहत’चे अनेकवचन, त्यामागे हित, उपयोग, बरे करणे हा भाव आहे. फारसीत त्याला ‘कामाला लागणारे सामान’ असा अर्थ आला आणि उर्दू-हिंदीत विटा जोडायच्या चुन्या-सिमेंटच्या मालालाही मसालाच म्हणतात. मराठीत तो मुख्यतः स्वयंपाकघरात स्थिरावला. संस्कृतात दळलेल्या मसाल्याला ‘वेसवार’ म्हणत; तो शब्द मराठी घरांतही टिकून आहे.

मराठीत न दळलेल्या जिनसा म्हणजे खडा मसाला आणि कोरडी पूड म्हणजे मसाला. ओले ते वाटण, पण भरल्या वांग्यातले सारणही मसालाच. मसालेभात, मसाला दूध, मसाला पान हे शब्द त्यातूनच आले. पुढे चटकदार बातमीला आणि नाच-गाणी-मारामारीच्या सिनेमालाही तो चिकटला.

प्रकार प्रदेशागणिक बदलतात: कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा-लसूण मसाला, कोकणात मालवणी, मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळ मराठीभाषक ख्रिस्ती) घरांत बाटली मसाला. ‘काळा मसाला’ या नावाने मात्र हमखास घोटाळा होतो. पुण्याकडच्या बऱ्याच घरांत गोड्या मसाल्यालाच काळा म्हणतात. सोलापूर-मराठवाड्याकडचा काळा मसाला मिरचीचा, झणझणीत असतो. पाककृती वाचताना ती कुठली, हे आधी पाहावे.

गोडा मसाला गोड नसतो. तिखटाच्या मानाने सौम्य, म्हणून गोडा. घरगुती प्रमाण असे: अर्धा किलो धने, सुके खोबरे व तीळ प्रत्येकी १२५ ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम, शहाजिरे व दगडफूल प्रत्येकी २५ ग्रॅम, दालचिनी, लवंग, मिरे व तमालपत्र प्रत्येकी १० ग्रॅम, शिवाय थोडे नागकेशर, हिंग, हळद. दगडफूल आधी नीट निवडावे; त्यात माती-खडे असतात आणि पुढे ते आमटीत कचकचतात. ते तेलात परतल्याशिवाय त्याचा वासही खुलत नाही.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजणे ही यातली खरी मेहनत आहे आणि ती टाळू नये. लवंग-दालचिनीला मंद आच पुरते, धने खमंग व्हायला वेळ लागतो, तीळ तडतडताच उतरवावे लागतात. सगळे एकत्र भाजले तर धने कच्चे राहतात आणि जिरे करपून कडवट होते. तो कडूपणा गुळानेही झाकत नाही. खोबरे तांबूस होईपर्यंत भाजावे, काळे नव्हे.

सगळे पूर्ण गार झाल्यावरच दळावे. गरम जिनसांची वाफ भांड्यात धरते, गुठळ्या होतात आणि मग बुरशी येते. तीळ व खोबरे शेवटी, थांबत थांबत फिरवावे. मिक्सर सलग चालवला तर तेल सुटून लगदा होतो. जास्त मसाला कांडप यंत्रावर नेतात, तोही उन्हाळ्यात, मिरच्या-धने वाळलेले असताना, पावसाळ्याआधी. भरणी कोरडी हवी, मसाला दाबून भरावा आणि खाली-वर हिंगाचे खडे ठेवावेत. खोबरे-तिळांमुळे हा मसाला तिखटापेक्षा लवकर खवट होतो. म्हणून वर्षाचा एकदम करण्यापेक्षा तीन-चार महिन्यांपुरता केलेला बरा.