रेनेसाँ १४५३ साली सुरू झाला नाही

परीक्षांच्या नोट्समध्ये एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: १४५३ साली तुर्कांनी ग्रीकभाषक बायझंटाईन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल घेतली, ग्रीक पंडित पोथ्या काखोटीला मारून इटलीत पळाले आणि रेनेसाँ, म्हणजे युरोपातला कला-विद्यांच्या नव्या बहराचा काळ, सुरू झाला. चित्र झकास, पण तारखा जुळत नाहीत. जुन्या लॅटिन हस्तलिखितांनी झपाटलेला इटालियन कवी पेत्रार्क १३७४ मध्येच वारला. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये क्रिसोलोरास हा ग्रीक पंडित ग्रीक शिकवू लागला १३९७ साली. तिथल्या कॅथेड्रलचा घुमट १४३६ पर्यंत उभाही राहिला होता. नंतर आलेल्या पंडितांनी भर घातली, इतकंच.

शब्द तर आणखी उशिराचा. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने १५५० मध्ये ‘रिनाशिता’, म्हणजे पुनर्जन्म, असं लिहिलं ते कलांपुरतं. अख्ख्या कालखंडाला ‘रेनेसाँ’ हे फ्रेंच नाव रूढ झालं एकोणिसाव्या शतकात, मिशले आणि बुर्कहार्ट या इतिहासकारांमुळे.

मराठीत आपण ‘प्रबोधन’ म्हणतो. पण प्रबोधन म्हणजे जागं होणं, पुन्हा जन्मणं नव्हे. शिवाय अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी चळवळीलाही काही जण प्रबोधनच म्हणतात, मग घोळ होतो. ‘पुनरुज्जीवन’ मूळ अर्थाला जवळचं. पण त्याला ‘वादी’ जोडलं की लगेच टीकेचा सूर लागतो. म्हणून मी सरळ रेनेसाँच लिहितो.