पेशी काहीच करत नसते तेव्हा

अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला ठाण्यातल्या कॉलेजांतही कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून, कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबतात. मग मायक्रोस्कोपखाली विभाजन होत असलेल्या पेशी शोधायच्या. नुसतं गोल केंद्रक दिसणाऱ्या बाकीच्या पेशी बहुसंख्य असतात, पण त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. चेतापेशी व्हायचं की यकृताची, हे भ्रूणातली मूलपेशी, म्हणजे जिच्यापासून शरीरातली कोणतीही पेशी बनू शकते ती, ठरवते ते मात्र दोन विभाजनांमधल्या याच दुर्लक्षित काळात.

त्या काळाचे तुकडे पहिल्यांदा पाडले अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी, १९५३ साली लंडनमध्ये. ब्रॉड बीनच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन त्यांनी दाखवलं, की डीएनएची नक्कल विभाजनाच्या बरीच आधी उरकलेली असते. नकलेचा टप्पा एस, त्याआधीचा जी-१, नंतरचा जी-२, आणि प्रत्यक्ष विभाजन म्हणजे एम. हे चक्र फिरवणारं सायक्लिन हे प्रथिन टिम हंट यांना १९८२ मध्ये सी अर्चिनच्या अंड्यांत सापडलं.

भ्रूणीय मूलपेशी उंदरात १९८१ साली मिळाल्या, माणसात १९९८ साली. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेने सरकारी निधी आधीच तयार असलेल्या पेशीमालिकांपुरता (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या मूलपेशींच्या संचांपुरता) ठेवला, तेव्हा त्या यादीत भारतातल्या १० होत्या. त्यातल्या ३ बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या आणि ७ रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या. ही कंपनी आता नवी मुंबईत रबाळ्याला आहे. नवी मुंबईकरांना हे फारसं ठाऊक नसतं.

भ्रूणीय मूलपेशींची घाई विलक्षण. मानवी भ्रूणीय पेशीचा जी-१ जेमतेम ३ तासांचा; शरीरातल्या साध्या पेशीचा त्याच्या कितीतरी पट. मूलपेशीचं रूपांतर सुरू झालं, की जी-१ लांबतो. आता हे कारण की परिणाम? क्रिस्टिन ममरी यांच्या गटाने १९८७ मध्येच, गाठीतून मिळवलेल्या भ्रूणसदृश पेशींवर, पेशींना रूपांतराकडे ढकलणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा परिणाम चक्रातल्या वेळेवर अवलंबून असतो असं दाखवलं होतं. पण एका डिशमधल्या पेशी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, आणि औषधाने अडवून त्यांना एका रांगेत आणावं तर औषधाचाच परिणाम होतो. ही अडचण २००८ मध्ये जपानच्या अत्सुशी मियावाकी यांच्या गटाने सोडवली. त्यांच्या चमकत्या प्रथिनांमुळे जी-१ मधली पेशी लाल दिसते, पुढच्या टप्प्यांतली हिरवी. मग रंगावरून पेशी वेगळ्या करता येतात.

केंब्रिजच्या सीम पाउक्लिन आणि लुडोविक व्हॅलिए यांनी २०१३ मध्ये मानवी पेशी अशाच वेगळ्या केल्या. जी-१ म्हणजे गर्दीच्या वेळी ठाण्याला थांबलेली लोकल. चढायचं तर तेवढ्याच वेळात. सुरुवातीला सायक्लिन-डी कमी असतं. तेव्हा स्मॅड-२/३ ही प्रथिनं केंद्रकात शिरतात आणि यकृत-स्वादुपिंडाकडे नेणारी जनुकं चालू करतात. जी-१ च्या शेवटी सायक्लिन-डी वाढतं, सीडीके-४/६ या विकरांना कामाला लावतं आणि स्मॅडना बाहेरच रोखतं. तीच पेशी मग चेतासंस्थेच्या वाटेला लागते. म्हणजे जी-१ चं लांबणं हा निव्वळ परिणाम नव्हे.

२०१५ चं सिंगापूरच्या संशोधकांचं काम मात्र मला अधिक मोलाचं वाटतं, कारण त्याने उरलेल्या टप्प्यांचाही हिशेब लावला: एस आणि जी-२ मध्ये पेशी मूलपेशीपण नुसतं टिकवत नाही, त्यासाठी यंत्रणा राबवते.

त्याच वर्षी अमेरिकेत सीडीके-४/६ ला अडवणाऱ्या पॅल्बोसिक्लिब या औषधाला स्तनाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली. केंब्रिजच्या प्रयोगात याच विकरांना अडवल्यावर मूलपेशी यकृत-स्वादुपिंडाच्या वाटेला वळल्या होत्या.