नवा घेवडा लवकर का शिजतो?

आषाढातली गोष्ट. बाहेर पावसाची झड, घरात भाजी नाही, म्हणून वाघ्या घेवड्याची आमटी करायचं ठरलं. घेवडा रात्रभर भिजवला, सकाळी कुकरला लावला. सहा शिट्ट्या झाल्या, दाणा कडक. आणखी चार दिल्या, तरी दाताखाली कचकच. आईने एक दाणा बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाली, “वर्षाचा जुना आहे हा. उगाच गॅस जाळू नकोस.”

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात मंडईबाहेर पोतं पसरून बसलेल्या मावशींकडे नवा घेवडा दिसला. “याच हंगामाचा हाय, दात लावून बघा,” त्या म्हणाल्या. तो आणला. तोच कुकर, तेच पाणी, तोच गॅस. चार शिट्ट्यांत दाणा इतका मऊ, की पळी फिरवली तर निम्मे फुटले. आईला यात काही नवल वाटलं नाही. मला मात्र प्रश्न पडला, की या दोन दाण्यांत नेमका फरक काय?

आधी नावाचा घोळ मिटवू. पुण्या-मुंबईत घेवडा म्हटलं की शेंगांची भाजी आठवते. साताऱ्याकडे घेवडा म्हणजे दाणा, राजम्याचा भाऊबंद. श्रावणघेवडा म्हणून ज्या कोवळ्या शेंगा आपण चिरतो, त्याही याच वनस्पतीच्या. वाघ्या हा आमच्या कोरेगाव तालुक्याचा. गुलाबीसर दाण्यावर तांबडे पट्टे, म्हणून वाघ्या. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाठार स्टेशन, देऊर, पिंपोडे या भागात जूनच्या पावसावर पेरायचा, अडीच महिन्यांत शेंगा पिवळ्या पडायच्या आणि भाद्रपदात खळ्यावर यायचा. झाड मूळचं अमेरिकेतलं. मेक्सिकोच्या बाजूला आणि अँडीज पर्वतरांगांत, अशा दोन ठिकाणी ते वेगवेगळं लागवडीखाली आलं. म्हणजे आमटीतला घेवडा, तिला तिखट करणारी मिरची आणि वरून घातलेला शेंगदाण्याचा कूट, तिघेही समुद्रापलीकडचे पाहुणे. आता त्यांना पाहुणे म्हणायची कोणाची हिंमत नाही, ते सोडा.

दाणा शिजतो म्हणजे काय होतं, ते पाहू. घेवड्याच्या डाळिंबीत लाखो पेशी असतात आणि प्रत्येक पेशी पिठूळ स्टार्च आणि प्रथिनांनी ठासून भरलेली असते. या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. पेरूची जेली ज्याच्यामुळे घट्ट होते, तेच हे पेक्टिन. विटांच्या भिंतीतला चुना समजा. गरम पाण्यात हा चुना विरघळतो, विटा सुट्या होतात आणि दाणा बोटांत सहज दाबला जातो. चांगल्या शिजलेल्या घेवड्याचा तो पिठाळ, जिभेवर विरघळणारा पोत म्हणजे एकमेकींपासून सुटलेल्या अख्ख्या पेशी. चुना विरघळला नाही, तर आतला स्टार्च कितीही फुगला तरी दाणा कचकचीत राहतो.

जुन्या दाण्यात हा चुनाच पक्का झालेला असतो. बी पुढच्या पिढीसाठी फॉस्फरसची शिदोरी बांधून ठेवतं, तिला फायटेट म्हणतात. हे फायटेट कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट धरून बसतं. दाणा उष्ण आणि दमट जागी पडून राहिला, की त्यातलंच एक एन्झाइम हळूहळू फायटेट तोडू लागतं. मग मोकळे झालेले कॅल्शियम-मॅग्नेशियम पेशींमधल्या पेक्टिनकडे सरकतात आणि त्याच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. असं पूल बांधलेलं पेक्टिन उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. सालीतली तुरट द्रव्यंही आत झिरपून पेशींच्या भिंती कडक करतात, असं संशोधक मानतात.

आता आपल्याकडचं वर्ष आठवा. सप्टेंबरात खळ्यावरून आलेला दाणा हिवाळ्यात आरामात राहतो. मग एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात भाजून निघतो आणि लगोलग जून-जुलैच्या दमट हवेत बसतो. घेवडा न शिजण्याजोगा करायचा कोणी चंग बांधला असता, तरी याहून चांगली कृती सुचली नसती. आषाढात मी विकत आणलेला दाणा दिसायला धडधाकट होता. पण त्याचा उन्हाळा आणि पावसाळा भोगून झाला होता.

इथे एक गल्लत नेहमी होते. रात्रभर भिजवूनही जे दाणे खड्यासारखे कोरडे राहतात ते गणंग. त्यांची साल पाणी आतच घेत नाही. जुना घेवडा गणंग नसतो. तो भिजतो, फुगतो, वजनाने दुप्पट होतो, आणि तरी शिजत नाही. म्हणून सकाळी टम्म फुगलेले दाणे पाहून माणूस फसतो. जाता जाता एक गंमत. घेवडा भिजवला की पहिल्या तासा-दोन तासांत दाणे सुरकुततात. आधी साल पाणी पिऊन पसरते, आतल्या डाळिंब्या मागून फुगतात. मधल्या काळात ती ढगळ सदऱ्यासारखी लोंबते.

आमच्या गावाकडच्या बायका सांगायच्या, की विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, नदीचं पाणी आण. हे मी लहानपणी थोतांड समजत होतो. पण सगळा सातारा जिल्हा काळ्या बसाल्टवर बसलेला आणि त्या खडकातून झिरपणारं भूजल कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. म्हणजे दाण्याच्या आत पूल बांधणारा जो माल, तोच आपण बाहेरून बादलीने ओतत असतो. बोअरचं पाणी असेल तर आदल्या दिवशी खळखळ उकळून, गार करून, तळाशी बसलेला पांढरा थर न हलवता वरचं पाणी घ्यावं. क्षार बराच कमी होतो.

मीठ भिजवतानाच घालावं, हे मात्र आईला पटवता पटवता मी थकलो. मिठाने दाणा कडक होतो अशी तिची पक्की समजूत. उलट मिठातलं सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतं आणि सोडियमला दोन साखळ्या बांधता येत नाहीत, त्यामुळे पूल पडतो. लिटरभर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालून रात्रभर भिजवायचं आणि सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. जुन्या दाण्यावरही याचा उपयोग होतो, नव्याइतका मऊ तो होणार नाही एवढंच. सोडा टाकला तरी पेक्टिन लवकर विरघळतं, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवीला साबणाची झाक येते. मी सोडा टाकत नाही. आंबटाचं काम याच्या बरोबर उलटं. चिंच किंवा टोमॅटो आधी पडला तर पेक्टिन विरघळायचं मंदावतं. म्हणून दाणा पूर्ण शिजल्यावरच चिंचेचा कोळ. यावर आई आणि रसायनशास्त्र यांचं एकमत आहे.

उंचीचाही हिशेब आहे. दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं. सातारा शहरात ते साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास, महाबळेश्वरात साडेपंच्याण्णवला. उघड्या पातेल्यात घेवडा शिजवणाऱ्या महाबळेश्वरकराला जास्त वेळ बसावं लागतं ते यामुळे. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, तिथे हा फरक जाणवत नाही.

आता जरा गंभीर भाग. कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. तांबड्या राजम्यात ते सर्वांत जास्त. याचं काम रक्तातल्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणं, नावाचा अर्थही तोच. मोजायच्या एककांत कच्च्या तांबड्या दाण्यात ते २० हजार ते ७० हजार भरतं, नीट शिजवलेल्यात २०० ते ४००. चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या, मग जुलाब. बहुधा माणूस काही तासांत सावरतो, पण ते तास कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. आणखी वाईट म्हणजे दाणा ८० अंशांच्या आसपासच नुसता कोमट शिजत राहिला, तर तो कच्च्यापेक्षाही जास्त, पाचपटीपर्यंत विषारी ठरू शकतो. म्हणून मंद आचेवर तासन्‌तास ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा घेवडा थेट टाकू नये. किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकावं आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. आजी चुलीवर आधी दणदणीत उकळी आणायची आणि मगच पातेलं वैलावर सरकवायची. कुकर वापरला तर ही काळजी मिटते. मटकीसारखे घेवड्याला मोड आणून कच्चे खाण्याची टूम कोणी काढली, तर मात्र हात जोडून नाही म्हणा.

याच प्रथिनाने विज्ञानावर एक मोठा उपकार केला आहे. १९६० साली फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हे प्रथिन दिलं की त्या विभागायला लागतात. विभागणाऱ्या पेशीतच गुणसूत्रं नीट दिसतात. त्यामुळे बोटभर रक्तावरून माणसाची गुणसूत्रं तपासणं सोपं झालं, आणि ती पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. आमटीत जे नको, ते तिथे मुद्दाम घालतात.

पोटात गुबारा धरतो त्याचं कारण वेगळं. घेवड्यातल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा पचवणारं एन्झाइम आपल्याकडे नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू सोडतात. भिजवलेलं पाणी फेकलं की थोडा फरक पडतो. त्याबरोबर वाघ्याचे पट्टेही जातात, कारण त्यांचा रंग पाण्यात विरघळणारा. शिजल्यावर सगळे दाणे एकाच तपकिरी रंगाचे होतात आणि मानांकन ताटात ओळखू येत नाही.

बाजारात ओळखायचा तर पट्टे पाहा. नव्या दाण्याची गुलाबी जमीन फिकट आणि तुकतुकीत असते. जुना होत गेला की सालीतली तुरट द्रव्यं हवेने काळवंडतात, गुलाबीचा विटकरी होतो आणि पट्टे त्यात बुडतात. दुकानात अंधार असेल तर दाणे दारात आणून पाहावेत, दुकानदार रागावला तरी. राख किंवा कडुनिंबाचा पाला घालून ठेवला तर भुंगा लागत नाही, पण उन्हाळा आणि दमट हवा त्याने अडत नाही. त्यासाठी हवाबंद डबा आणि गारवा हवा.

यंदा मावशींकडून दोन किलो जास्तीचा घेतला. एक किलो माळ्यावर पत्र्याच्या डब्यात, एक किलो फ्रिजच्या तळाशी काचेच्या बरणीत. दोन्हींवर आईने स्वतःच्या अक्षरात तारीख घातली आहे. येत्या आषाढात दोन्हींचे शंभर-शंभर दाणे एकाच पाण्यात, एकाच मिठात भिजवून, एकामागोमाग एक कुकरला लावायचे आणि शिट्ट्या मोजायच्या. आईची पैज फ्रिजच्या बाजूने आहे.