सीटी तीव्रता गुणांक (छातीचा)

विषाणुजन्य न्यूमोनियात फुप्फुसांचा किती भाग बाधित झाला आहे, याचा सीटी चित्रांवरून क्ष-किरणतज्ज्ञाने नजरेने बांधलेला अंदाज. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन अशा पाच खंडांना प्रत्येकी ० ते ५ गुण देऊन २५ पैकी बेरीज करतात. ५ टक्क्यांहून कमी बाधेला १, ५ ते २५ टक्क्यांना २, २६ ते ४९ टक्क्यांना ३, ५० ते ७५ टक्क्यांना ४ आणि त्यापुढे ५ गुण. कोविड-१९च्या साथीत ‘एचआरसीटी (अधिक बारकाईने चित्र देणारा सीटी) स्कोअर’ या नावाने तो महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला.

या पद्धतीचा उगम २०२० मधील वुहानच्या अभ्यासात सांगण्याचा प्रघात आहे. तो पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. वुहानचा तो निबंध पान व सहकाऱ्यांचा; तो स्वतःच ही गुणपद्धती २००५ मधील चांग व सहकाऱ्यांच्या तैवानमधील अभ्यासातून घेतो. तो अभ्यास सार्स या तीव्र श्वसनरोगातून बऱ्या झालेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत मागे काय उरले हे पाहण्यासाठी होता. म्हणजे मोजपट्टी मुळात आजारानंतरच्या व्रणांसाठी वापरली गेली आणि मग चालू आजाराला लावली गेली. २०२० मध्येच २० आणि ४० गुणांच्या पद्धतीही मांडल्या गेल्या. २५ गुणांची पद्धत भारतात रुजली ती बहुधा सोपेपणामुळे. ‘८ पर्यंत सौम्य, ९ ते १५ मध्यम, १५ च्या वर तीव्र’ ही आपल्याकडची प्रचलित विभागणी वुहानच्या निबंधात नाही.

त्या निबंधाचे खरे महत्त्व कालक्रमात आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून ०–४ दिवस आरंभ, ५–८ वाढ, ९–१३ कळस आणि १४ व्या दिवसापासून ओसरण, असे चार टप्पे त्यात मानले आहेत. आरंभी फुप्फुसाच्या कडेला, विशेषतः खालच्या खंडांत, धुरकट काचेसारख्या छटा दिसतात. रक्तवाहिन्यांच्या कडा त्यांतून ओळखू येतात. पुढे त्या छटांत जाळीदार रेषा उमटून वेड्यावाकड्या फरशीचा नमुना होतो. वायुकोश पूर्ण भरले की घट्ट पांढरा भाग दिसतो व वाहिन्या त्यात हरवतात. ओसरताना क्रम उलटा असेलच असे नाही. कळसाचा दिवस पान यांच्या मते साधारण दहावा. ९० रुग्णांच्या दुसऱ्या एका चिनी अभ्यासात तो ६ ते ११ दिवसांच्या पट्ट्यात येतो. दुसरी मांडणी सावध असल्याने अधिक पटणारी आहे, कारण पान यांचे रुग्ण अवघे २१ होते आणि त्यांत श्वसनाचा तीव्र त्रास असलेले कोणी नव्हते.

त्यामुळे आजाराचा दिवस न लिहिता नुसता ‘१२/२५’ लिहिलेला अहवाल अपुरा ठरतो : पाचव्या दिवशी तो वाढीची चाहूल असू शकतो, अठराव्या दिवशी उताराची. अगदी लवकर केलेला स्कॅन फसवाही असतो. १२१ रुग्णांच्या एका अभ्यासात पहिल्या दोन दिवसांत तपासलेल्या ३६ पैकी २० जणांचे सीटी निर्दोष होते. पद्धतीतच आणखी एक उणीव आहे. उजवा मधला खंड लहान, खालचे खंड त्याच्या दुपटीहून मोठे. पण पूर्ण भरले की प्रत्येकाला गुण पाचच. शिवाय एका खंडातील बाधा ६ वरून २४ टक्क्यांवर गेली तरी गुण दोनच राहतात. रक्तातील ऑक्सिजन आणि गुणांक यांचा मेळ अनेकदा बसत नाही, तेव्हा उपचार ऑक्सिजन पाहून ठरवणे योग्य.

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने या तपासणीचे कमाल दर ठरवले : यंत्र एका फेरीत किती काप (स्लाइस) टिपते त्यानुसार २,०००, २,५०० व ३,००० रुपये. एप्रिल २०२१ च्या राष्ट्रीय उपचारसूचनेत प्रकृती बिघडत असेल तरच एचआरसीटी करावा असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी किरणांच्या मात्रेत एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे असे विधान केले. क्ष-किरणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने ते कालबाह्य ठरवून आधुनिक अल्पमात्रा सीटीसाठी ५ ते १० एक्स-रे हा आकडा दिला. नेहमीच्या मात्रेचा सीटी सुमारे ७ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आणि समोरून घेतलेला एक एक्स-रे सुमारे ०.०२ धरल्यास पहिला आकडा येतो. अल्पमात्रेत सीटी १ ते १.५ मिलिसिव्हर्टपर्यंत उतरतो, पण त्याच मापाने तो पन्नास ते पंच्याहत्तर एक्स-रेंइतका होतो. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीची टोके धरली असे दिसते.

इन्फ्लुएन्झा किंवा लहान मुलांतील न्यूमोनियासाठी हा गुणांक क्वचितच वापरला जातो.