नैरोबी ते मसाई मारा : ४५ मिनिटांच्या विमानाला अर्धा दिवस का धरतो?

केनियाची सहल ठरली की हमखास फोन येतो : "नेटवर पाहिलं, नैरोबी ते मारा विमानाने ४५ मिनिटं. मग पहिली रात्र नैरोबीत कशाला घालवायची?" प्रश्न रास्त आहे आणि आकडाही बरोबर आहे. राजधानी नैरोबीपासून मसाई माराच्या अभयारण्यापर्यंत हवाई अंतर पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नाशिकला जावं साधारण तेवढंच.

घोळ होतो तो विमानतळाचा. मुंबईचं विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं. माराची छोटी विमानं सहसा विल्सन विमानतळावरून सुटतात. मुंबईच्या टी-१, टी-२ सारखी ही एकाच विमानतळाची टर्मिनल्स असतील असं समजू नका. हे दोन वेगळे विमानतळ आहेत आणि मध्ये १८-२० किलोमीटरचा शहरातला रस्ता आहे. तिकिटावर एनबीओ म्हणजे केन्याटा, डब्ल्यूआयएल म्हणजे विल्सन. तिकीट काढण्यापूर्वी एवढं नक्की पाहा.

मागे एका कुटुंबाने माराचं तिकीट परस्पर काढलं. सकाळी ८ ला नैरोबीत उतरायचं, १० ला पुढचं विमान. पासपोर्टची रांग, यलो फीवरच्या लशीचं कार्ड दाखवणं, पट्ट्यावर बॅगांची वाट पाहणं यातच साडेनऊ झाले. मग हमालाला विचारलं तेव्हा कळलं की हे विमान इथून सुटतच नाही. दोन्ही तिकिटं वेगवेगळी, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. दुपारचं विमान भरलेलं होतं. शेवटी नारोकमार्गे सहा तास गाडीने गेले. आजी सोबत होत्या. त्यांचे हाल ऐकून आम्हालाही वाईट वाटलं.

म्हणून उतरल्यापासून माराच्या विमानापर्यंत किमान ४ तास हवेत, असा आमचा नियम आहे. एवढा वेळ मिळत नसेल तर आम्ही नैरोबीत मुक्काम घालतो. माराच्या धावपट्ट्यांवर रात्रीचे दिवे नसतात. दुपारचं विमान चुकलं की थेट दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि लॉजची एक रात्र वाया. नैरोबीच्या हॉटेलपेक्षा ती रात्र कितीतरी महाग पडते.

आणखी एक. ही विमानं एसटीसारखी थांबे घेत जातात : कीकोरोक, ओल कियोम्बो, मुसियारा. तुमची धावपट्टी तिसरी असेल तर ४५ मिनिटांचा सव्वा तास होतो. थांब्यांचा क्रम त्या दिवशीच्या प्रवाशांवर ठरतो.

सामान माणशी १५ किलो, हातातली बॅग आणि कॅमेरा धरून. नैरोबी १,६०० मीटरहून उंचावर आहे, हवा विरळ, विमान लहान, त्यामुळे वजन काटेकोर बघतात. बॅगा विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात जातात, तिथे चाकांची कडक बॅग मावत नाही. आमच्याकडे बुकिंग केलेल्यांना आम्ही प्रत्येकी एक मऊ डफल बॅग देतो. मोठ्या बॅगा नैरोबीच्या हॉटेलात ठेवून जाता येतं.

परतताना संध्याकाळचं मुंबई विमान असलं तरी मारातून सकाळीच निघा. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात. केनियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

तिकीट स्वतः काढणार असाल तरी हरकत नाही. पैसे भरण्याआधी दोन्ही विमानांच्या वेळा आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तपासून सांगू, त्याचे पैसे घेत नाही.